न दुखणाऱ्या जिवाला

डॉक्टरबाईंनी विचारलं ते अगदी सहज, मावशीच्या कानात बॅटरी मारता मारता. "हृदयातल्या जंतांची गोळी चालू आहे ना हिची?" आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असं तिला वाटलं. जंत पोटात असतात. लहानपणी सगळ्यांचे जंत पोटातच होते आणि त्यांच्यावर कडू औषध होतं. हृदयात कुणी राहायला येतं ते फक्त बोलण्यापुरतं. ती म्हणाली, "नाही. म्हणजे, तसं काही असतं हेच माहीत नव्हतं." डॉक्टरबाईंनी बॅटरी बंद केली आणि तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, नवीन माणसाकडे बघतात तसं. मग त्यांनी सांगितलं. डास एका कुत्र्याला चावतो, मग दुसऱ्याला. त्याच्या सोंडेतून येतं ते डोळ्यांना दिसत नाही इतकं बारीक. ते रक्तातून हिंडत, वाढत काही महिन्यांनी हृदयाजवळच्या मोठ्या नळ्यांमध्ये मुक्कामाला येतं आणि तिथे दोऱ्यासारखं लांब होतं. एक नाही, गुंताच्या गुंता. खोकला सुरू होईपर्यंत कुत्रं हसतं, खेळतं, जेवतं. "म्हणून महिन्यातून एकदा गोळी. अळी लहान असतानाच मरते. आधी रक्त तपासू, नसलं काही की सुरू करू." मावशी टेबलावर उभी राहून हे सगळं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय अशा चेहऱ्याने भिंतीवरच्या मांजराच्या चित्राकडे बघत होती.

मावशी ही तिची कुत्री. ती या घरात आली तीच वयाने मोठी होऊन. नवऱ्याच्या ओळखीतलं एक कुटुंब घर बदलत होतं, नव्या घरात कुत्री चालणार नव्हती. आल्या दिवशी तिने सगळ्या खोल्या हिंडून पाहिल्या, स्वयंपाकघरात नाक वर करून थोडी नापसंती दाखवली आणि बाहेरच्या खोलीतल्या सगळ्यात चांगल्या खुर्चीवर जाऊन बसली. नवरा म्हणाला, "ही तर मावशी आली राहायला." ते चिकटलं ते चिकटलंच. त्यामुळे दवाखान्यात "मावशी कोण?" अशी हाक आली की मांजराची टोपली मांडीवर घेतलेली एखादी वयस्क बाई उठून उभी राहायची आणि सगळ्यांची पंचाईत व्हायची. मावशीचा एक डोळा तपकिरी होता आणि दुसरा फिकट निळा, धुऊन धुऊन रंग गेलेल्या कापडासारखा. डॉक्टरबाई त्या डोळ्याशी बोट नेत म्हणाल्या, "हिच्यात मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांचं रक्त असावं. त्यांच्यातल्या काहींना काही औषधं सोसत नाहीत, डोक्यात चढतात. म्हणजे जन्मतःच तसं असतं. पण या गोळीत मात्रा इतकी कमी असते की सहसा काही होत नाही." तिने मान हलवली. बाकीचं सगळं त्या 'सहसा'च्या खाली दबून गेलं. रक्त तपासायचं ते पुढच्या आठवड्यात करू, असं म्हणून ती मावशीला घेऊन बाहेर पडली. नमुन्यादाखल मिळालेली एक गोळी मात्र पर्समध्ये होती. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, तपासणीआधी द्यायची नाही.

ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. शहरातल्या दंतवैद्यांकडून मापं यायची, माणसांची तोंडं उलटी होऊन गुलाबी साच्यात आलेली. ती त्यांत प्लास्टर ओतायची, वाळलं की तोंड सुलटं व्हायचं. मग मेणाच्या हिरड्या, मेणात एकेक दात बसवणं, वरचा खालच्याला कुठे टेकतो ते पाहणं, आणि शेवटी पक्की कवळी करून ती चाकावर घासून गुळगुळीत करणं. माणसं तिला कधी भेटायची नाहीत. पण जबड्यावरून तिला कळायचं, हा माणूस झोपेत दात खातो, ही बाई एकाच बाजूने चावते. दातांचा रंग ठरवायला एक पट्टी असते, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत ओळीने लावलेले नमुन्याचे दात. नवी शिकाऊ मुलं आली की सगळ्यांना पांढरेशुभ्र दात लावायला निघायची. ती म्हणायची, "अरे, पासष्टीच्या आजोबांना असे दात लावलेस तर नातवंडं घाबरतील." पट्टीवरच्या कुठल्याच नमुन्याशी तिचे स्वतःचे दात जुळत नव्हते. ते करडे होते, आणि करड्यावर तपकिरी पट्टे आडवे गेलेले, बशीत चहा वाळल्यावर राहतात तसे.

दुधाचे दात पडून नवे आले तेच असे आले. शाळेत दात तपासायला डॉक्टर आले होते. त्यांनी तिचा ओठ अंगठ्याने वर केला, शेजारच्या डॉक्टरला बोलावून दाखवलं आणि म्हणाले, "लहानपणी कुठलं तरी औषध दिलंय हिला. आतून रंगलेत, हे जायचे नाहीत." तिने घरी येऊन आईला विचारलं. आई भांडी घासत होती. म्हणाली, "तापात दिलं होतं. वाचलीस ना?" आणि विषय तिथे मिटला. तो कधी पुन्हा निघालाच नाही. औषध मात्र तिला आठवत होतं, किंवा आठवतं असं वाटत होतं. गुलाबी, दाट, गोड. चमचा चाटून पुसून ती आणखी मागायची, हे आई कौतुकाने पाहुण्यांना सांगायची. ओठ मिटून हसायची सवय त्यानंतरची. लग्नाच्या फोटोंत ती प्रत्येक ठिकाणी कुठलं तरी गुपित ठेवल्यासारखी दिसते, आणि नवऱ्याला तेच आवडलं होतं, असं तो म्हणतो. स्वतःच्या दातांना टोप्या करून घेणं तिच्या हातचा मळ होता. लॅबचे मालक दरवर्षी एकदा तरी तिला तसं सुचवायचे. पण त्यासाठी आधी हे दात कानस लावल्यासारखे झिजवावे लागतात, आणि हे दात कधी दुखले नव्हते, किडले नव्हते. न दुखणाऱ्या जागी हात घालायचा नाही, हे तिच्या अंगात कुठेतरी फार खोल जाऊन बसलं होतं.

घरी येऊन तिने पर्समधून गोळी काढली. गोळी कसली, चौकोनी तपकिरी वडी होती आणि तिला मटणाचा वास होता. कागदाचा आवाज होताच मावशी खुर्चीवरून उतरून समोर येऊन बसली, पाठ ताठ करून, दोन्ही रंगांचे डोळे वर लावून. कुत्र्याने आवडीने खावी म्हणूनच ती तशी बनवली होती. यात वाईट काहीच नव्हतं, उलट सोय होती. तरीही तिला ती वडी हातात धरवेना. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला गोड करून काही देणं, आणि त्याने आणखी मागणं. तिने ती वडी फडताळात, वरच्या कप्प्यात ठेवून दिली. मावशी बराच वेळ फडताळाकडे बघत बसली.

नवरा पुलांच्या कामावर होता, महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी. फोनवर त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू ठरव. तू म्हणशील तसं." त्याच्या मते हा मोठेपणा होता. घरात त्याचे वडील, नाना, होते. नानांच्या गोळ्यांचा डबा तीच भरायची, रक्तदाबाची, साखरेची, आणखी एक पोटाची. त्या रात्री जेवताना तिने विचारलं, "नाना, या गोळ्या कशाच्या आहेत माहीत आहे का तुम्हाला?"

"पांढरी सकाळची, पिवळी जेवणानंतरची," नाना म्हणाले. "कशाच्या ते तू बघतेस की."

"आणि माझं चुकलं तर?"

"तर चुकलं. मी काय कोर्टात जाणारे?" त्यांनी पिवळी गोळी जिभेवर ठेवली, पाण्याबरोबर घेतली आणि रोजच्यासारखं तोंड वाकडं केलं. पण नाना निदान तोंड वाकडं करू शकत होते. एकदा त्यांनी आठवडाभर साखरेची गोळी गुपचूप खिडकीबाहेर टाकली होती आणि पकडले गेल्यावर, "झाडाला दिली," म्हणाले होते. मावशीकडे असला काही मार्ग नव्हता.

संध्याकाळी ज्या मैदानावर कुत्री यायची तिथे तिने एकदोघांकडे विषय काढला. शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, आम्ही दिली होती बाई एकदा, दिवसभर ओकत होता, अंग थरथरत होतं, तेव्हापासून नाव नाही काढलं. कोणती गोळी, आधी तपासलं होतं का, हे त्यांना सांगता आलं नाही. पण थरथर त्यांनी हाताने करून दाखवली, आणि तो हात तिच्या डोळ्यांपुढून हलेना. लॅबमध्ये मेणात दात बसवताना मध्येच तिला तो हात दिसायचा. मग डोक्यात हिशेब सुरू व्हायचा, त्याला धड आकडे नव्हते. एका पारड्यात डास, जो चावेल किंवा चावणार नाही. चावलाच तर त्याच्या सोंडेत ते असेल किंवा नसेल. दुसऱ्या पारड्यात ती वडी, जी तिच्या स्वतःच्या हाताने जाणार होती. डास चावला तर ते घडलेलं असेल. वडी दिली तर ते केलेलं असेल. या दोन क्रियापदांमधल्या फटीत ती अडकली होती, आणि तिला कळत होतं की मावशीच्या शरीराला या फटीशी काही देणंघेणं नाही.

मैदानावर एक कुत्रा बरेच दिवस दिसत नव्हता. पहिलवान नाव होतं त्याचं, तांबडा, छाती पुढे काढून पळणारा. त्याचा मालक बसवर ड्रायव्हर होता. एकदा सकाळी कामावर जाताना तो तिला त्याच्या इमारतीच्या मागच्या दाराशी दिसला, चपला हातात घेऊन, चोरासारखा आत शिरताना. तिने हाक मारली तसं त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि बाहेर आला.

"पहिलवान झोपलाय का?" तिने हळू आवाजात विचारलं.

"जागा असेल. म्हणूनच तर मागून जातो." तो भिंतीला टेकला. "त्याच्या हृदयात जंत निघाले. खोकायला लागला तेव्हा कळलं. पाठीत इंजेक्शनं चाललीयेत. आता आतले किडे मरतायत, आणि मेलेल्यांचे तुकडे फुप्फुसात जाऊन अडकतात म्हणे. म्हणून पळू द्यायचं नाही, उड्या नाहीत, काही नाही. छोट्या खोलीत बांधून ठेवलाय, कितीतरी महिने तसंच ठेवायचंय. मी ड्यूटीवरून आलो की तो नाचतो ना, म्हणून मी आलोच नाही असं दाखवायचं. त्याच्यासमोरून जायचं, बघायचं नाही. हाक मारायची नाही." त्याने चपला दुसऱ्या हातात घेतल्या. "शेपटी जरा जास्त हलली तरी मी तोंड फिरवतो. त्याला वाटत असेल, मी रागावलोय."

ती म्हणाली, "मला डॉक्टरांनी गोळी द्यायला सांगितलीये. आधीपासूनची, होऊ नये म्हणून. मी अजून ठरवलं नाही. भीती वाटते औषधाची."

वाटणारच, तो म्हणाला. तिने वाट पाहिली, पण त्याने उपदेश केला नाही. चपला खाली ठेवून तो एक पाय त्यात घालू लागला, मग लक्षात येऊन पुन्हा काढला. "मला कुणी विचारलंच नव्हतं," तो म्हणाला. "तुम्हाला विचारलंय." आणि अनवाणी आत गेला. आतून साखळीचा आवाज आला, एकदा, लगेच बंद झाला. दिवसभर ती विचार करत होती तो या आवाजाबद्दल नव्हे, बंद होण्याबद्दल. आनंद आवरून धरणारा कुत्रा कसा दिसत असेल.

रविवारी तिने आईला फोन केला. आई भावाकडे असायची, दुसऱ्या गावात. ऐकू कमी यायला लागल्यापासून फोनवर ती मोठ्याने बोलायची, जणू गाव लांब असल्यामुळेच. इकडचं तिकडचं झालं, नानांची चौकशी झाली. मग तिने विचारलं, "आई, लहानपणी तापात मला औषध दिलंस ना, ते गुलाबी. ते देताना तुला काय वाटलं होतं?"

आई बोलायला लागली, आणि या वेळी मोठ्याने नाही.

"लगेच नव्हतं दिलं मी," आई म्हणाली. "बाटली आणली आणि ठेवून दिली. एवढंसं पोर, एवढं रंगीत औषध. तुझे बाबा म्हणाले डॉक्टरांना कळतं. मला काही पटेना. मग मी स्वतः चमचाभर घेतलं आणि बघत बसले, मला काही होतंय का. रात्र गेली अशी. पहाटे तू माझ्याकडे बघितलंस आणि 'ही कोण' म्हणून विचारलंस बाबांना. तापाने काही ओळख राहिली नव्हती तुला. मग दिलं."

"हे कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? उशीर केला हे सांगू, की दिलं हे सांगू? दात आले तेव्हा वाटलं, द्यायला नको होतं. आणि ती पहाट आठवली की वाटायचं, आदल्या दिवशीच का नाही दिलं. दोन्ही वाटतं अजून. एक वाटायचं थांबलं की दुसरं वाटतं." मग तिच्या आवाजात नेहमीची धार आली. "पण आज कुठून आठवलं? हे तू तुझं विचारतेयस की कुत्रीचं? तुझा भाऊ सांगत होता काहीतरी."

"दोन्ही," ती म्हणाली.

"मग चाखून बघू नकोस," आई म्हणाली. "त्यातून काही कळत नाही."

ती हसली, आणि हसताना ओठ उघडे राहिले हे तिला फोन ठेवल्यावर कळलं. तिथेच खुर्चीवर ती बसून राहिली. इतकी वर्षं तिच्या मनातली आई भांड्यांकडे बघत 'वाचलीस ना' म्हणत आली होती, एका दमात, खात्रीने. आता त्या आईच्या जागी दुसरीच एक बाई बसली होती, तिच्यापेक्षा वयाने कितीतरी लहान, तोंडात औषधाची चव घेऊन स्वतःच्या अंगात काही होतंय का याची वाट बघणारी. त्या बाईवर रागावता येईना. तिच्या शेजारी बसता मात्र येत होतं.

ठरल्या दिवशी मावशीचं रक्त तपासलं. निकाल येईपर्यंत त्या दोघी बाकावर बसल्या. मावशी बाकावर, आणि जागा कमी म्हणून ती अर्धी बाहेर. रक्तात काही नव्हतं. ती डॉक्टरबाईंना म्हणाली, "मला काही विचारायचंय, वेळ आहे का?" आणि त्यांनी खुर्ची ओढून घेतली. तिने निळ्या डोळ्याचं, औषध न सोसण्याचं विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून ते तपासता येतं. निकाल यायला वेळ लागतो, पण करून घेऊ, पुढे कधी दुसरं एखादं जड औषध द्यावं लागलं तर ते माहीत असलेलं बरं. या गोळीसाठी मात्र मी थांबणार नाही, डासांचे दिवस आहेत. "तसं रक्त असलेल्या कुत्र्यांनाही एवढी मात्रा सोसते, असाच आमचा अनुभव आहे," त्या म्हणाल्या. "पण हिलाही सोसेल, असं मी लिहून देऊ शकत नाही. तुम्हाला नक्की भीती कशाची वाटते?"

ती जरा वेळ मावशीच्या कानाशी चाळा करत राहिली. "नंतर कळण्याची," ती म्हणाली.

"ती मला काढता येणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सकाळी द्या, तुम्ही घरी असाल त्या दिवशी. उलटी झाली, थरथरली, चालताना झोकांड्या गेल्या, डोळे वेगळे दिसले, तर लगेच फोन करा. मी उचलते."

एवढ्याने झालं असं नाही. पण कुणीतरी स्वतःला माहीत नसलेलं तेवढं बाजूला काढून दाखवलं, हे तिला फार दिवसांनी घडल्यासारखं वाटलं. दिलेली हमी पर्समध्ये घालून आणण्यापेक्षा हे हलकं होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी, नाश्ता झाल्यावर, तिने फडताळ उघडलं. मावशी आधीच येऊन बसली होती. तिने वडी तळहातावर ठेवून पुढे केली. मावशीने ती चावलीसुद्धा नाही, तशीच गिळली, नाकाने हात पुसून घेतला आणि आणखी आहे का म्हणून दुसऱ्या हाताकडे पाहिलं. तिने दुसरा हात उघडून दाखवला. रिकामा. मग ती तिथेच जमिनीवर, फडताळाला पाठ लावून बसली आणि काही होतंय का याची वाट बघू लागली.

सकाळ गेली. मावशी पाणी प्यायली, खुर्चीवर चढली, उतरली, दारातून येणाऱ्या उन्हाच्या तुकड्यात जाऊन आडवी झाली. तिने लॅबमधलं काही काम घरी आणलं नव्हतं, पुस्तक उघडून बंद केलं. इतका वेळ एका प्राण्याकडे तिने कधी बघितलं नव्हतं. श्वास आत जाताना बरगड्यांवरचे केस किंचित उभे राहतात. निळ्या डोळ्याची पापणी तपकिरी डोळ्यापेक्षा जरा उशिरा मिटते. पोटाच्या मऊ, केस नसलेल्या जागी लहान लाल ठिपके होते, डास चावल्याचे. नवे होते की जुने, सांगता येत नव्हतं. नाना अधूनमधून येऊन दारात उभे राहायचे, चष्मा कपाळावर सरकवून बघायचे आणि जायचे. एकदा ते स्वतःची खुर्ची घेऊनच आले.

दुपारी मावशीचे पाय हलायला लागले. आधी पुढचा एक, मग दोन्ही मागचे, झटके बसल्यासारखे, ओठाची कड थरथरू लागली. शिवणाच्या बाईंचा हात तिच्या डोळ्यांपुढे आला. ती गुडघ्यांवर पुढे सरकली आणि फोन हातात घेतला. "मावशी," ती म्हणाली. पाय थांबले. तपकिरी डोळा उघडला, मागोमाग निळा. शेपटी फरशीवर एकदा आपटली, काय कटकट आहे अशा अर्थी, आणि डोळे पुन्हा मिटले.

"स्वप्नात पळत होती," नाना म्हणाले. "तू उठवलंस."

"हो."

"दमलीस तू. आडवी हो जरा, मी बघतो."

ती आडवी झाली नाही, पण फोन खाली ठेवला. ऊन भिंतीवर चढलं, मग गेलं. मावशी उठली, अंग ताणलं, वाटीतलं सगळं खाल्लं, आणि रोजच्या वेळेला दाराशी जाऊन पट्ट्याकडे तोंड करून उभी राहिली. पाय सरळ होते. चालताना झोकांडी नव्हती. तिने वाकून दोन्ही डोळ्यांत पुन्हा पुन्हा पाहिलं, मावशीने मान फिरवली.

"झालं का मग?" नानांनी खुर्ची उचलता उचलता विचारलं.

"झालं," ती म्हणाली. पट्टा अडकवताना तिने जरा विचार केला आणि नीट सांगितलं, "या महिन्यापुरतं."

खाली रस्त्यावर दिवे लागले होते. मावशी गटाराच्या कडेने वास घेत, मध्येच थांबत, घाई नसल्यासारखी चालली होती. दिव्याखाली डास होते, नुसते तरंगत असलेले. त्यातला एखादा मागच्या महिन्यात चावून गेला असेल आणि त्याने आत सोडलेलं सगळं आज गोळीने वाया गेलं असेल. किंवा त्या एखाद्याकडे काही नसेलच, गोळी उगाच गेली असेल. यातलं कोणतं, हे तिला कधीच कळणार नव्हतं. काही घडलं नाही तर ते कशामुळे घडलं नाही, हे सांगायला कुणी येत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा एक सकाळ, पुन्हा हा हात, पुन्हा जमिनीवर बसून राहणं. कदाचित तेव्हा थोडं कमी वेळ बसावं लागेल. मावशीला पुढे काहीतरी दिसलं, मांजर असेल किंवा हललेली पिशवी. पट्ट्याला हिसका देऊन मावशी पळायला लागली. तिने ओढून धरलं नाही, तीही मागून पळाली.